मोत्सार्टच्या कॉन्चेर्टोसाठी स्वतःचा कॅडेन्झा: शेवटाकडून सुरुवातीकडे

कॅडेन्झा, म्हणजे कॉन्चेर्टोत ऑर्केस्ट्रा थांबल्यावर मुख्य वादकाने एकट्याने वाजवायचा तुकडा, लिहून आणायला सांगितला की बहुतेक विद्यार्थी आधी ताना लिहून आणतात. पानभर सेमीक्वेव्हर (छोटे, झटपट सूर), वर-खाली धावणारे आर्पेजिओ (कॉर्डचे एकामागोमाग सुटे सूर), मधेच कॉन्चेर्टोची मुख्य थीम जशीच्या तशी चिकटवलेली आणि शेवटी घाईघाईत उरकलेली ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या सुरांमधली जलद ये-जा. पहिली वीस सेकंदं ऐकायला बरं वाटतं. मग समोरच्याला कळून चुकतं की हे कुठे चाललंय याचा वाजवणाऱ्यालाच पत्ता नाही. बोटं तयार असतात, सूर बरोबर असतात. चुकतो तो लिहिण्याचा क्रम.

त्या क्रमासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मोत्सार्टचा डी मायनर पियानो कॉन्चेर्टो, के. ४६६ (१७८५; ‘के.’ म्हणजे मोत्सार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीतला क्रमांक), त्याचा पहिला भाग घेतला आहे. या कॉन्चेर्टोसाठी मोत्सार्टने स्वतः लिहिलेला कॅडेन्झा आपल्यापर्यंत आलेला नाही. बरेच वादक बीथोव्हेनने लिहिलेला वाजवतात. म्हणजे इथे आपला कॅडेन्झा लिहिणं हा आगाऊपणा ठरत नाही, जागा खरोखरच मोकळी आहे. व्हायोलिन किंवा बासरी वाजवणाऱ्यांनाही हेच टप्पे लागू पडतील. फक्त बेसचा सूर मनात धरून लिहावं लागेल.

## टप्पा १: जागा मोकळी आहे का, ते आधी बघा

प्रत्येक कॉन्चेर्टोत कॅडेन्झा घालता येतो असं धरून चालू नका. मोत्सार्ट, हायडन आणि तरुण बीथोव्हेन यांच्याकडे पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा एका कॉर्डवर थांबतो, वर फर्माटाची (हवा तेवढा वेळ थांबा, अशी) खूण असते आणि पुढचं वादकावर सोडलेलं असतं. पुढे ही मोकळीक आटत गेली. बीथोव्हेनने पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत (१८०९) त्याच जागी स्पष्ट सूचना लिहिली: इथे कॅडेन्झा करू नये, लगेच पुढचं सुरू करावं.

रोमँटिक काळात चित्र आणखी बदलतं. मेंडेल्सनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोत कॅडेन्झा पूर्ण लिहिलेला आहे आणि त्याची जागाही हलवली आहे. तो शेवटाकडे न येता डेव्हलपमेंट (थीम वेगवेगळ्या कीजमधून फिरवण्याचा मधला भाग) संपताना येतो. व्हायोलिनचे आर्पेजिओ चालू असतानाच ऑर्केस्ट्रा मुख्य थीम परत घेऊन येतो, म्हणजे कॅडेन्झाच रिकॅपिट्युलेशनपर्यंतचा (सुरुवातीच्या थीम परत येतात त्या भागापर्यंतचा) पूल झाला आहे. तो काढून दुसरा बसवलात तर पूलच कोसळेल. चायकोव्हस्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोतही कॅडेन्झा रिकॅपिट्युलेशनच्या आधी येतो. शूमानचा ए मायनर पियानो कॉन्चेर्टो (१८४५) जुन्या जागी, शेवटाकडेच थांबतो, पण तिथला प्रत्येक सूर शूमानने लिहून ठेवला आहे. शोपँच्या दोन्ही पियानो कॉन्चेर्टोंच्या पहिल्या भागात अशी जागाच नाही. उलट ब्राह्म्सने व्हायोलिन कॉन्चेर्टोत (१८७८) जुन्या रिवाजाप्रमाणे जागा रिकामी ठेवली आणि ती त्याचा व्हायोलिनवादक मित्र योआखिमने भरली.

तपासा: स्कोअरमध्ये त्या जागी (१) फर्माटा आहे का, (२) पुढे लिहिलेलं काही नाही ना, (३) मनाई करणारी सूचना नाही ना? तिन्ही उत्तरं अनुकूल असतील तरच पुढे जा.

## टप्पा २: टेबलावर काय काय हवं

पूर्ण ऑर्केस्ट्रल स्कोअर हवाच. दोन पियानोंच्या प्रतीवर (ऑर्केस्ट्राचा भाग दुसऱ्या पियानोला दिलेल्या) भागवू नका. त्यात कोणती थीम ओबोची आणि कोणती फक्त व्हायोलिनची हे दिसत नाही, आणि निवड करताना नेमकं तेच लागतं. मोत्सार्टच्या समग्र संगीताची संपादित आवृत्ती साल्झबुर्गच्या मोत्सार्टेउम प्रतिष्ठानने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहे, तिथून स्कोअर वाचता येतो.

दुसरं, मोत्सार्टचे स्वतःचे दोन-तीन कॅडेन्झा. के. ४५३, के. ४८८ आणि के. ५९५ या तिघांचे उपलब्ध आहेत. के. ४८८चा तर मूळ हस्तलिखितातच लिहिलेला आहे. त्यातला एक हाताने उतरवून काढा. हो, हातानेच. उतरवताना बेसचे सूर लाल पेन्सिलीने आणि ओळखीच्या थीम निळ्या पेन्सिलीने गिरवा. थीम पूर्ण होण्याआधी मोत्सार्ट ती कुठे सोडून देतो, हे या एका सरावातून जेवढं कळतं तेवढं कोणी सांगून कळत नाही.

## टप्पा ३: फर्माटाखालची कॉर्ड ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

के. ४६६मध्ये ऑर्केस्ट्रा थांबतो त्या कॉर्डमध्ये सूर आहेत डी मायनरचेच: डी, एफ, ए. पण तळाशी ए आहे. ही सिक्स-फोर कॉर्ड. कानावर डी मायनर पडतो, पण तळातला ए तो टेकू देत नाही. ऐकणाऱ्याला त्या ए-वर आधी डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे घरच्या कॉर्डकडे ओढणारी कॉर्ड, हवी असते (ए, सी शार्प, ई, जी) आणि मग डी मायनर. तुमचा अख्खा कॅडेन्झा या सिक्स-फोर आणि डॉमिनंट सेव्हन्थच्या मधल्या फटीत बसतो. एका वाक्यातलं क्रियापद यायचं राहिलंय आणि तुम्ही ते लांबवताय, एवढंच तुमचं काम.

ख्याल ऐकत वाढलेल्यांना समेची ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इथली ओढ तिच्याच जातीची आहे, पण एक फरक ध्यानात ठेवा. ख्यालात गवई कितीही दूर गेला तरी ठेका चालू असतो, सम कुठे आहे ते तबला सांगत राहतो. इथे ऑर्केस्ट्रा गप्प बसलेला असतो. ती ओढ जिवंत ठेवायला तुमच्या हाताशी फक्त हार्मनी असते. हिंदुस्थानी संगीतातून आलेल्या चांगल्या तयारीच्या मुलांचा कॅडेन्झा मधेच सैल पडतो तो याच कारणाने. तानांचं वळण सुरेख असतं, पण बेसकडे कोणाचं लक्ष नसतं.

सावध: फर्माटाखाली सिक्स-फोरऐवजी थेट डॉमिनंट किंवा डॉमिनंट सेव्हन्थ असेल, विशेषतः रोंडोत (एकच थीम पुन्हा पुन्हा परत येते अशा भागात) थीम परत येण्याच्या तोंडावर, तर तिथे कॅडेन्झा अपेक्षित नसतो. तिथे हवा असतो छोटासा प्रवेश, जर्मनमध्ये ज्याला आयन्गांग म्हणतात. एखाददुसरी सरगम, एखादं वळण, की थीम सुरू. के. २७१ आणि के. ४१४साठी मोत्सार्टने असे प्रवेश लिहून ठेवले आहेत, ते पाहा. अशा जागी दोन मिनिटांचा कॅडेन्झा घालणं म्हणजे उंबरठ्यावर पंगत मांडणं.

## टप्पा ४: ट्रिल आधी लिहा

कोऱ्या कागदाच्या अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, ट्रिल लिहा. उजव्या हातात ई, त्यावर ट्रिल (वरचा सूर एफ नॅचरल), डाव्या हातात ए-ची डॉमिनंट सेव्हन्थ. ट्रिलच्या शेपटीला डी आणि ई, आणि मग ऑर्केस्ट्रासह डी. त्याच्या आधीच्या बारमध्ये बेसला ए आणि वर पुन्हा ती सिक्स-फोर कॉर्ड मांडा.

आता फर्माटाच्या आधीचे चार बार, हे शेवटचे दोन बार आणि ऑर्केस्ट्राचे पुढचे चार बार असं सलग वाजवा. कॅडेन्झा नसतानाही वाक्य पूर्ण वाटलं पाहिजे. मी याला जोड-चाचणी म्हणते. हा सांधा नीट बसला नाही तर मधे काय घालता याला काही अर्थ राहत नाही.

सावध: ई-वरची लांब ट्रिल आणि तिच्याखाली ए सेव्हन्थ हा जोड कॅडेन्झात एकदाच, शेवटी. हाच कंडक्टरसाठी इशारा असतो. मधे कुठे तशीच ट्रिल आली तर बॅटन वर जाईल, आणि अर्धा ऑर्केस्ट्रा आत येऊन बसेल. मधे ट्रिल हवीच असेल तर ती दुसऱ्या सुरावर, दुसऱ्या कॉर्डवर घ्या.

## टप्पा ५: थीमची यादी करा, मग त्यातल्या दोनच ठेवा

पहिल्या भागात हाताशी काय काय आहे ते मांडून बघा.

सुरुवातीचं ऑर्केस्ट्राचं वादळ: वरच्या तंतुवाद्यांची ठोक्याआड धडधडणारी सिंकोपेशन (ठोक्यावर न पडता मधे पडणारे सूर) आणि खाली चेलो-बासची तीन झटपट सुरांची उडी, ए-बी-सी शार्प, जी डी-वर आदळते. मग पियानोची पहिली थीम, ऑर्केस्ट्रा गप्प झाल्यावर एकट्याने म्हटलेली. आणि एफ मेजरमधली पियानोची गाती दुसरी थीम, जी रिकॅपिट्युलेशनमध्ये डी मायनरमध्ये येऊन काळवंडते.

पहिल्या मसुद्यात सगळ्यांना तिन्ही घ्यायच्या असतात, त्याही पूर्ण. मग कॅडेन्झाचा मेडले होतो. दोन घ्या, आणि दोन्ही अर्धवट.

माझी निवड सांगते. ते सिंकोपेशन पियानोला या भागात स्वतःहून कधीच मिळत नाही. ऑर्केस्ट्रा ते वाजवतो तेव्हा पियानो त्याभोवती नक्षी विणत असतो. म्हणून कॅडेन्झात ते उजव्या हाताला ठोकून देणं मला पटत नाही. मोत्सार्टने जे राखून ठेवलं ते आपण का उधळावं? पण बेसची ती तीन सुरांची उडी मात्र घ्यावी, आणि तिचं टेकणं बदलावं. मूळ उडी डी-वर पडते. आपल्याला डी-वर पडायचंच नाही, म्हणून ती ई-एफ शार्प-जी शार्प अशी घेऊन ए-वर पाडा. एका बदलात ओळखीची आकृतीही आली आणि कॉर्डही मोडली नाही. दुसरी निवड गात्या थीमची.

## टप्पा ६: बेसचा रस्ता आखा

अजून एकही तान लिहायची नाही. फक्त डाव्या हातासाठी, मोठमोठ्या सुरांत, बेस लिहा. के. ४६६साठी चालेल असा एक रस्ता देते:

१. ए. वर डी मायनर, म्हणजे जिथे ऑर्केस्ट्रा थांबला तीच सिक्स-फोर.
२. एफ शार्प. वर डी सेव्हन्थ. एफचा एफ शार्प झाला की कान जी-कडे वळतो.
३. जी. वर जी मायनर.
४. जी तसाच. वर ई फ्लॅट मेजर. बेस हलत नाही, वरचा रंग बदलतो.
५. बी फ्लॅट. वर डी, एफ आणि जी शार्प. ही ऑगमेंटेड सिक्स्थ, तिला ए-शिवाय दुसरं काही नको असतं.
६. ए. आधी सिक्स-फोर, मग डॉमिनंट सेव्हन्थ आणि ट्रिल.

ई फ्लॅट मेजर मुद्दाम निवडला आहे. डेव्हलपमेंटमध्ये पियानोची पहिली थीम एफ मेजर, जी मायनर आणि ई फ्लॅट मेजर अशा कीजमधून फिरून आलेली असते, त्यामुळे ही की ऐकणाऱ्याच्या कानाला परकी नाही. संगीतकार ज्या कीमध्ये गेलाच नाही तिथे कॅडेन्झाने जाऊ नये, हा नियम ट्युर्क या जर्मन संगीतशिक्षकाने १७८९ सालीच घालून दिला होता. बीथोव्हेनने याच कॉन्चेर्टोच्या आपल्या कॅडेन्झात तो मोडला आणि गाती थीम थेट बी मेजरमध्ये नेली. तिथून परत येण्याइतकी ताकद त्याच्या हार्मनीत होती. पहिला कॅडेन्झा लिहिताना तो मार्ग धरू नका.

तपासा: बेस संथपणे वाजवत वर फक्त कॉर्ड धरा. डी मायनरची कॉर्ड तळाशी डी घेऊन कुठे आली का? आली असेल तर काढा. तो मान ऑर्केस्ट्राचा आहे, ट्रिलनंतरचा. कॅडेन्झात तुम्हीच घरी पोचलात तर ऑर्केस्ट्राने यायचं कशाला?

## टप्पा ७: सुरुवातीचे बार

सुरुवात करण्याचे दोन धोपटमार्ग आहेत: एखाद्या थीमचा तुकडा किंवा सिक्स-फोरवरूनच निघणारी धावती तान. के. ४६६साठी मी तुकडा घेते. डाव्या हातात ती ई-एफ शार्प-जी शार्प-ए उडी, उजव्या हातात धरलेली कॉर्ड. पुन्हा तेच, वरच्या जागेवर. तिसऱ्यांदा मात्र उडी वेगळ्या सुरावर, म्हणजे रस्त्यातल्या दुसऱ्या पायरीच्या एफ शार्पवर पाडा आणि तिथून निघा.

तीनदा तेच आणि तसंच केलं तर ती नक्कल होते. तिसऱ्या खेपेला वळण दिलं की निघालो असं वाटतं.

इथली ठरलेली चूक म्हणजे मुख्य थीम पहिल्या बारपासून, मूळ कीमध्ये, मूळ हार्मनीसह लिहिणं. ऐकणाऱ्याला वाटतं की भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

## टप्पा ८: मधली गाती जागा

ई फ्लॅटपाशी पोचल्यावर गाती थीम घ्या. दोन बार मूळ चालीने, दोन बार तेच एक सूर वर चढवून, आणि मग तिच्या शेपटीचा छोटासा तुकडा धरून तो छोटा-छोटा करत न्या, शेवटी बी फ्लॅटवरच्या ऑगमेंटेड सिक्स्थपर्यंत. थीमचा शेवट, जिथे ती ई फ्लॅटमध्ये निवांत टेकेल, तो लिहूच नका. बेसला जी ठेवल्यामुळे ती तशीही पूर्ण टेकणार नाही, पण उजव्या हातालाही टेकू देऊ नका.

या जागी पहिल्या मसुद्यात बारच्या रेघा ठेवा. चाल चार-चार बारांची आहे की साडेतीनची, हे रेघांशिवाय कळत नाही. मोत्सार्टच्या कॅडेन्झांतही थीमचे भाग मापात असतात; रेघा सुटतात त्या तानांच्या जागी.

## टप्पा ९: आता ताना

आता कुठे बोटांची पाळी आली. टप्पा ६मधल्या दोन पायऱ्यांच्या मधे एक तान, याहून जास्त नाही. प्रत्येक तानेला सुटण्याची कॉर्ड आणि पोचण्याची कॉर्ड असावी, आणि तान पोचते त्या क्षणी डाव्या हातात तो बेस वाजलाच पाहिजे.

मोत्सार्टचा पियानो पाच सप्तकांचा, ६१ पट्ट्यांचा होता. आजच्या पियानोवर डावीकडून पहिल्या एफपासून उजवीकडून दुसऱ्या एफपर्यंत. तेवढ्यातच राहा. त्याच्या वरच्या सप्तकात एक चमकदार सरगम घेतली की कॅडेन्झा एकदम ऑर्केस्ट्राच्या काळातून शंभर वर्षं पुढे उडी मारतो. दोन्ही हातांचे धावते ऑक्टेव्ह आणि पेडल दाबून धरलेले रुंद आर्पेजिओ यांचंही तेच. लिस्टसाठी ते राखून ठेवा, तिथे ते शोभतात.

तपासा: सगळ्या ताना खोडून फक्त त्यांचे पहिले आणि शेवटचे सूर वाजवा. सांगाडा अजून उभा आहे का? ज्या तानेच्या जागी काही चुकल्यासारखं वाटलं नाही, ती तान कामाची नव्हती.

## टप्पा १०: कात्री

मोत्सार्टचे पहिल्या भागांचे कॅडेन्झा साधारण पंचवीस ते चाळीस बारांत आटपतात. बासरीवादक क्वान्त्झने १७५२ साली गायक आणि सुषिर वादकांना तर सगळा कॅडेन्झा एका श्वासात संपवायला सांगितलं होतं. पियानोला श्वासाचा अडसर नाही, म्हणूनच तो हाताबाहेर जातो. मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोन मिनिटांच्या वर गेला तर पहिल्यांदा मधल्या गात्या जागेची पुनरावृत्ती काढा, मग एक तान. शेवटाकडची सिक्स-फोर मात्र कधीही कापू नका. कानाला ट्रिलची तयारी तिथेच मिळते.

## टप्पा ११: दुसऱ्या माणसाबरोबर

एकट्याने कितीही घोटलात तरी ऑर्केस्ट्राच्या प्रवेशाचा सराव होत नाही. दुसऱ्या पियानोवर कोणाला तरी बसवा. त्यांना तुमचं कॅडेन्झाचं पान देऊ नका. ऐकून, नुसत्या ट्रिलवरून त्यांना नेमकं आत येता आलं पाहिजे. उशिरा आले तर ट्रिलची शेपटी अस्पष्ट आहे: शेवटचे डी आणि ई किंचित मोकळे करा. लवकर आले तर टप्पा ४मधली सूचना पुन्हा वाचा.

ट्रिलचा आवाजही इथेच ठरवा. कॅडेन्झानंतर ऑर्केस्ट्रा जोरात येतो, आणि तो जोर त्याचाच वाटायला हवा. तुम्ही त्याआधीच सगळं फोर्टिसिमो उधळून बसलात तर वादळ परत आलं असं कोणालाच वाटणार नाही. ट्रिल मध्यम आवाजात सुरू करून थोडी वाढवा, एवढं पुरतं.

कंडक्टरबरोबर पहिल्या तालमीआधी दोन गोष्टी बोलून घ्या: ट्रिल साधारण किती वेळ धरणार, आणि शेवटच्या सिक्स-फोरवर तुम्ही थांबणार की नाही. कॅडेन्झाचं एक पान त्यांच्या स्टँडवर ठेवा.

आणि ट्रिल सुटल्यावर पेडलवरचा पाय लगेच उचला. सी मायनर कॉन्चेर्टोत, के. ४९१मध्ये, मोत्सार्ट कॅडेन्झानंतरही पियानोला शेवटपर्यंत वाजवायला लावतो. इथे तसं नाही. हात मांडीवर घ्या. ऑर्केस्ट्रा गर्जून हळूहळू विझत जातो आणि भाग पियानिस्सिमोत संपतो. तेवढे बार कीबोर्डवरून नजर काढून ऐका, कारण तुमचा कॅडेन्झा त्या विझण्याला जुळला की नाही, ते तिथेच कळतं.